बुजायचं अंतर

सोपानराव वाघमोडे या माणसाचा मला हेवा वाटायचा, हे आधीच सांगून टाकतो. म्हणजे पुढं जे लिहीन त्यातलं खरं किती आणि जळजळ किती, हे वाचणाऱ्यानं आपापलं ठरवावं. वय वाढलं की हेवा कमी होतो म्हणतात. माझा झाला नाही.

वाळूजच्या एका कारखान्यात ते डिस्पॅचला होते आणि मी स्टोअरला. शिफ्टच्या बसमध्ये आम्ही बरीच वर्षं एकाच बाकावर बसलो. खिडकी त्यांची. ती त्यांची कशी झाली हे मला आठवत नाही, मी कधी मागितलीही नाही, पण रोज बसमध्ये चढताना ती खिडकी मला खुपायची. गाव त्यांचं देवगाव रंगारी. घराणं मेंढरांमागं फिरणारं. सोपानराव डिप्लोमा करून शहरात आले आणि छावणीत भाड्याच्या दोन खोल्यांत जे राहिले ते तिथलेच झाले. माझ्या घरी शेतीवाडी, गावात मान, त्यामुळं जे काही चांगलं असेल ते आधी आपल्याकडं यावं, असं मला लहानपणापासून वाटत आलेलं. आणि सगळ्यात चांगली वस्तू होती ती सोपानरावांकडं.

ती म्हणजे त्यांची दोनशे एमएमची टेलिफोटो मॅक्रो लेन्स. ते तिला नळकांडं म्हणायचे. जुनी, जड, काळा रंग कडेनं उडालेला, आता तशी नवी मिळत नाही. ज्यांना हा नाद नाही त्यांच्यासाठी सांगतो. मॅक्रो लेन्स म्हणजे किडा खरा जेवढा, तेवढाच मोठा कॅमेऱ्याच्या आत उमटवणारी काच. लहान मॅक्रोनं तसा फोटो काढायचा तर किड्याच्या अगदी नाकाशी जावं लागतं. आपली सावली त्याच्यावर पडते, आपला श्वास त्याला लागतो, आणि तो जातो. लांब मॅक्रोनं तोच फोटो अंतर राखून मिळतो. शिवाय मागचा पसारा गायब होतो. गवताच्या काड्या, प्लॅस्टिकच्या पिशव्या, भिंत, सगळं विरघळून एक गुळगुळीत हिरवं उरतं आणि त्यावर तो किडा एकटा, राजासारखा बसलेला. सोपानरावांच्या फोटोंत तो कायम तसा बसलेला असायचा. माझ्या फोटोंत त्याची अर्धी तंगडी असायची.

माझी पत्नी सुनंदा त्या लेन्सला माझी सवत म्हणायची. रविवारी दुपारी मी हिंडून आलो की पाण्याचा तांब्या पुढं करत विचारायची, "काय म्हणतीय सवत? आज हात लावू दिला का?"

हात लावू दिलेला नसायचा.

मी माझी लेन्स घेतली ती रीतसर घेतली होती. व्हिडिओ बघितले, तक्ते बघितले, कुठली कडेपर्यंत धारदार आहे यावर अनोळखी लोकांशी वाद घातले, आणि सगळे म्हणत होते म्हणून शंभर एमएमची आणली. सोपानरावांना लेन्स घ्यायची होती तेव्हा त्यांनी आधी कॅमेराच घरी ठेवला. अख्खा हिवाळा ते वडिलांची काठी घेऊन हिंडले. पाण्याच्या कडेला चतुर बसलेला दिसला की हळूहळू त्याच्याकडं जायचं. तो उडाला की जागच्या जागी थांबायचं आणि आपल्या पायापासून त्याच्या काडीपर्यंत काठी आडवी धरून बघायची. मग चतुराची बारीक बहीण टाचणी, मग नाकतोडा, मग रुईवरची फुलपाखरं. कोण किती जवळ येऊ देतो, हे सगळं त्या काठीवर त्यांनी पाहून घेतलं. लोकांना वाटलं, वाघमोड्यांनी नाद सोडला. हिवाळा संपल्यावर त्यांनी ही जुनी लेन्स कुठून तरी हुडकून आणली.

मी विचारलं, एवढी जड कशाला घेतली?

"मेंढरू येगळ्या अंतरावर बुजतं, शेळी येगळ्या," ते म्हणाले. "आधी जनावर किती लांबून बुजतं ते बघायचं, मंग काच घ्यायची. तुम्ही काच घेता आन् मंग जनावराला म्हणता, आता बस बाबा."

हे खरं असलं तरी असं तोंडावर सांगायची गरज नव्हती. पण सोपानराव नम्र वगैरे नव्हते. त्यांना आपण चांगले आहोत हे पक्कं ठाऊक होतं आणि ते लपवायचे नाहीत. छायाचित्रं काढणारा आमचा एक ग्रुप होता, रविवारी सकाळी छावणीच्या बाजारात एका हॉटेलात चहाला जमायचा. तिथं फोन हातोहात फिरायचे आणि सोपानराव मार्क द्यायचे. दहापैकी. कुणी मागितलेले नसायचे. खिशातले गूळ-शेंगदाणे तोंडात टाकायचे, फोन डोळ्यांपासून लांब धरायचे, आणि निकाल.

"पाच."

"अहो, डोळा बघा किती शार्प आलाय."

"डोळा आलाय. किडा कुठंय?"

आमच्यात एक डॉक्टर होते. त्यांनी एकदा खंडोबाच्या किड्याचा फोटो दाखवला. हिरवागार, ऐटदार, पुढचे पाय जोडलेले, मागं काळोख. आम्ही सगळे वा वा म्हणालो. सोपानरावांनी बघितलं आणि फोन परत दिला.

"शून्य. हे फ्रीजमधलं हाय."

डॉक्टर लालेलाल झाले. किड्याला थोडा वेळ गार केलं की तो हलत नाही, हे त्यांनी इंटरनेटवर वाचलं होतं. घरी आलं-लसणाच्या डब्याशेजारी दुसरा डबा ठेवला होता आणि त्यावरून बायकोनं घर डोक्यावर घेतलं होतं, हेही नंतर त्यांनीच सांगितलं. सोपानरावांना कसं कळलं असं मी बसमध्ये विचारलं, तर म्हणाले, "पाय बघा. गारठलेलं जनावर अंग टाकतं, उभं राहत नाय." मी घरी जाऊन तो फोटो मोठा करून बराच वेळ पाहिला. पाय खरंच तसे होते. त्या दिवशी मला जेवण गेलं नाही.

मला ते बहुतेक वेळा सहा द्यायचे. एकदा मी अगदी काकुळतीला येऊन म्हणालो, साडेसहा तरी द्या. ते म्हणाले, "सहाच. साडेसहा नाय." स्वतःच्या फोटोंना ते पाच द्यायचे, आणि ते पाच माझ्या सहापेक्षा किती वर होते हे सगळ्यांना दिसायचं. ही तर आणखी छळायची तऱ्हा.

पण खरा हेवा मला ज्याचा वाटायचा ते हिमायतबागेत घडायचं. बागेत एका जागी पाणी साचायचं आणि तिथं चतुर बसायचे. मी दबकत, कमरेत वाकून, श्वास धरून जायचो. चतुर माझ्याकडं तोंड करून बसलेला असायचा आणि ऐन वेळी उडायचा. सोपानराव त्याच चतुराकडं जायचे ते जसं काही त्यांना पलीकडच्या चिंचेखाली काम आहे. नजर चिंचेवर. चाल तिरकी. मध्येच थांबून टोपी नीट करायचे, पायजम्याचं कुसळ काढायचे, दोन पावलं उलटी पण जायचे. असं करत करत ते तिथं पोचलेले असायचे, कॅमेरा डोळ्याला असायचा, आणि चतुर बसलेला. मग तिथं गेल्यावर घाई नाही. किंचित डावीकडं सरकायचे. लांब लेन्सला मागचं अगदी थोडं दिसतं, त्यामुळं वीतभर सरकलं की मागची भिंत जाऊन सावलीतली झाडी येते. आडवी आलेली गवताची काडी ते कधी तोडायचे नाहीत. खिशातून कपडे वाळत घालायचा चिमटा काढायचे, काडी बाजूला धरून ठेवायचे, आणि फोटो झाला की सोडून द्यायचे. मग कॅमेरा हळूच फिरवून उभा करायचे. पंखांची पाठ आणि कॅमेऱ्याची पाठ समांतर आली की टिपायचे. एक. फार तर दोन.

"सरळ चालत गेलं की जनावराला कळतं, हा आपल्यासाठीच आलाय," त्यांनी मला एकदा सांगितलं, मी फारच मागं लागलो तेव्हा. "बाप सांगायचा, कळपातलं एक धरायचं तर त्याच्याकडं बघायचंच नाय. दुसरीकडं बघत जायचं. आपलं काम येगळंच हाय असं दावायचं."

बोलणंही त्यांचं तसंच. सुटी पाहिजे असेल तर सुरुवात साहेबांच्या आईच्या तब्येतीपासून. मुलीचं लग्न ठरल्याची बातमी त्यांनी मला दिली ती ज्वारीच्या भावावरून. मी ऐकत राहायचो आणि ते कुठल्या चिंचेकडं बघत कुठल्या चतुराकडं निघालेत, याचा अंदाज बांधायचो.

मीही तिरकं चालून बघितलं. सुनंदा एकदा सोबत आली होती, ती झाडाला धरून हसत होती. म्हणाली, "तुम्ही चोरावानी दिसताय. ते फिरायला आल्यावानी दिसतात." चतुरानंही तोच निकाल दिला.

मग त्यांच्या निवृत्तीला एक वर्ष राहिलं आणि माझ्या मनात आलं, की ही लेन्स आता सुटणार.

तशी चिन्हंही दिसत होती. सोपानराव रविवारी यायचे, पण नळकांडं बऱ्याचदा घरी ठेवून. मोटरसायकल चालवणं त्यांनी सोडलं आणि माझ्या गाडीवर मागं बसू लागले. बसायला लागले म्हणजे जवळीक वाढली असा मी अर्थ काढला. मार्क देणंही सैल झालं. एका रविवारी मी त्यांना हिरव्या कोळ्याचा फोटो दाखवला आणि ते म्हणाले, "सात." मी परत विचारलं. "सात," ते म्हणाले. घरी येताना मी जिलेबी घेतली.

मी ठरवलं, लेन्स मागायची नाही. त्यांच्याचकडून शिकलेल्या चालीनं जायचं. कधी त्यांच्या पाठदुखीची चौकशी. कधी माझ्या शंभर एमएमची निंदा. कधी सहज, बसमधून बाहेर बघत, की जुन्या काचेला बुरशी लागते नाही का, वापरात नसली की? संक्रांतीला सुनंदाच्या हातचे तिळाचे लाडू, हिवाळ्यात गावाकडचा हुरडा. लेन्सचं नावही काढायचं नाही. सोपानराव ऐकून घ्यायचे. पण त्या वर्षात त्यांची एक गोष्ट मला खटकायला लागली. माझ्याशी बोलताना ते माझ्या तोंडाकडं बघायचे नाहीत, माझ्या कानाकडं बघायचे. मला वाटलं, हे आता माझ्याशीही तिरकं चालायला लागले. मला वाटलं, म्हणजे जमतंय.

निरोपाचा कार्यक्रम कॅन्टीनमध्ये होता. शाल, श्रीफळ, साहेबांचं भाषण. मी पुढच्या रांगेत बसलो होतो. सोपानरावांच्या पायाशी त्यांची काळी पिशवी होती आणि तिच्यात काय आहे ते तिच्या आकारावरूनच मला कळलं होतं. भाषणं झाली, समोसे आले, आणि डिझाइनच्या रुबीना मॅडम उठून त्यांच्यासमोर जाऊन उभ्या राहिल्या. त्याही छावणीतच राहायच्या, ग्रुपमध्ये नवीन होत्या, फोनला चिमट्यानं एक छोटी काच लावून मुंग्यांचे फोटो काढायच्या. सोपानराव त्यांना चार द्यायचे.

"सोपानसर," त्या म्हणाल्या, "वो लंबी लेन्स अब तुम नहीं निकालते. मेरेकू देते क्या? मैं अच्छा रखूंगी."

एवढंच. अगदी मीठ मागितल्यासारखं. सोपानराव हसले, खाली वाकले, आणि पिशवी उचलून त्यांच्या हातात दिली.

सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. मीही वाजवल्या. समोसा हातात होता, त्यामुळं माझ्या टाळ्यांचा आवाज आला नाही.

परतीच्या बसमध्ये ते त्यांची शेवटची खिडकी धरून बसले होते. मी शेजारी. पंढरपूर फाटा मागं पडला. मग तेच म्हणाले, "पवार, तुम्ही वर्षभर तिरके येत होता. मला कळत होतं."

"मग?" माझा आवाज चिडकाच होता.

"मंग काय. आमच्यात तिरकं जातात ते धरायला. तिरक्या आलेल्याला मी बुजणारच की. ती बाई सरळ आली. तिला काय पायजे ते तिनं सांगितलं."

"मी मागितली असती तर दिली असती?"

"तुमच्यासाठीच बॅग आणली होती आज," ते म्हणाले. "म्हणलं, आज तरी मागतील."

मी उतरलो तेव्हा त्यांना नीट निरोपही दिला नाही. सुनंदानं दारातच तोंड बघितलं आणि सवतीची चौकशी केली नाही. रुबीना मॅडम पुढच्या रविवारपासून ती लेन्स घेऊन यायला लागल्या आणि दिवाळीपर्यंत त्यांचे फोटो माझ्यापेक्षा बरे यायला लागले. मी ग्रुपमध्ये जाणं कमी केलं. पुढं एक नवी लांब मॅक्रो बाजारात आली ती मी घेतली. वजनाला हलकी, आत हाताची थरथर झेलणारी यंत्रणा, फोकस पटकन. तिच्यात काही खोट नाही. चतुर तिलाही उडतात.

देवगाव रंगारीला मी गेलो तो दुसऱ्या वर्षी, कन्नडला एका लग्नाला निघालो होतो तेव्हा. म्हणजे लग्न होतं हे खरं, पण त्या लग्नाला मी गेलो नसतो तरी चाललं असतं. वाघमोड्यांचं शेत गावाबाहेर आहे. सोपानराव बांधावर बसले होते, डोक्याला टापशी, हातात वडिलांची तीच काठी, पुढं मक्यात शिरू बघणाऱ्या चार शेळ्या. मी समोर जाऊन उभा राहिलो. त्यांनी मान वळवली आणि माझ्या कानाकडं बघितलं.

"पवार व्हय?" ते म्हणाले. "बसा. वाळूजला पाणी हाय का यंदा?"

मी बसलो. पाण्याचं सांगितलं, लग्नाचं सांगितलं. ते माझ्या कानाशीच बोलत होते. मला राग येत गेला. इतक्या लांबून आलोय आणि हा माणूस अजून मला किड्यासारखं वागवतो.

"जरा तोंडाकडं बघून बोला की, सोपानराव."

"तोंडाकडं बघितलं की तोंड दिसत नाय," ते म्हणाले, अगदी ज्वारीचा भाव सांगितल्यासारखं. "मधलं गेलंय. दोन्ही डोळ्यांचं. बरोब्बर मधी डाग हाय, कडेचं दिसतं. जे बघायचं त्याच्या बाजूला बघावं लागतं, मंग ते येतं."

"कधीपासून?"

"रिटायर व्हायच्या आधीपास्नं. फोकस लागंना. आधी वाटलं काचच खराब झाली. मंग गाडी सोडली. डाक्टर म्हणला, यापुढं जाईल तेवढं जाईल."

मला गाडीवर मागं बसणारे सोपानराव आठवले आणि घरी राहणारं नळकांडं आठवलं. आणि मग मला जिलेबी आठवली.

"माझा तो कोळी," मी म्हणालो. "हिरवा. तुम्ही सात दिले होते."

त्यांनी काठीनं एक शेळी मक्यापासून हाकलली. मग हसले.

"दिसला नव्हता. पण तुम्ही इतकं खूश होऊन फोन पुढं केला, म्हणलं असंल सात."

शेजारच्या विहिरीवर पाइपाच्या टोकाला एक लाल चतुर येऊन बसला होता. मी पिशवीतून माझी नवी लेन्स काढली. सोपानराव उठले. त्यांना तो माझ्याआधी दिसला होता, तो त्यांच्या कडेला होता. मी एका बाजूनं निघालो आणि ते दुसऱ्या, शेळ्यांकडं बघत, काठीनं ढेकूळ बाजूला करत. त्यांना आता तिरकं चालण्याचा आव आणावा लागत नव्हता. सरळ बघून त्यांना काही दिसतच नव्हतं. मी लांबच होतो तरी चतुर उडाला, विहिरीवर एक चक्कर मारली आणि परत पाइपावर येऊन बसला, तोवर सोपानराव त्याच्यापाशी पोचले होते. त्यांनी गुडघ्यांवर हात ठेवले, चतुराच्या शेजारच्या हवेकडं तोंड केलं, आणि तो त्यांना बघू देत बसून राहिला. हातात कॅमेरा नाही, काही नाही. या माणसाकडं आता माझ्यापेक्षा जास्त असं काहीही उरलेलं नव्हतं. आणि तरी मी तिथं नवी लेन्स गळ्यात घेऊन उभा होतो आणि माझा जीव जळत होता.

"सोपानराव," मी तिथूनच म्हणालो. "मला तुमचा हेवा वाटतो. पहिल्यापासून वाटत आलाय. आत्ताही वाटतोय."

चतुर हलला नाही. सोपानरावही वळले नाहीत.

"ते मला दिसत होतं की," ते म्हणाले. "कडेलाच तर होतं."

मग म्हणाले, आज सरळ आलात, बरं केलं. आणि शेळ्या मक्यात शिरल्या म्हणून धावले.

निघताना त्यांनी मला मुठीनं शेंगा दिल्या. लग्नाची वेळ टळून गेलेली होती. बांध संपतो तिथं मी गाडी लावली होती. ती चालू करून मी मागं वळून पाहिलं. सोपानराव शेताच्या मध्ये उभे होते आणि हात हलवत होते. माझ्याकडं नाही, माझ्यापासून दूर, उजवीकडच्या बाभळीकडं तोंड करून. म्हणजे ते मला नीट बघत होते.